कडू अर्काचे दोन थेंब

पाश्चात्त्य धर्तीच्या जवळजवळ प्रत्येक मद्यगृहात, फळीवरच्या मोठमोठ्या बाटल्यांच्या रांगेत एक ठेंगणी बाटली उभी असते. तिचे झाकण पिवळे असते आणि तिच्यावर चिकटवलेला कागद तिच्या अंगापेक्षा मोठा असतो. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगात घालावा, तसा तो कागद बाटलीच्या खांद्यावरून गळ्यापर्यंत वर आलेला दिसतो. इतर बाटल्यांतील द्रव्य मापाने ओतले जाते. या बाटलीतील मात्र थेंबाथेंबाने शिंपडले जाते. म्हणूनच मोठ्या बाटल्या भराभर रिकाम्या होतात आणि ही लहानशी बाटली महिनोन्‌महिने पुरते. तिचे नाव अँगोस्टुरा बिटर्स.

बिटर्स म्हणजे कडू अर्क. कडू मुळ्या, साली, पाने आणि त्यांच्या जोडीला सुगंधी मसाल्याचे पदार्थ तीव्र मद्यार्कात भिजत घालून त्यांचे सत्त्व उतरवून घेतले, म्हणजे हा अर्क तयार होतो. त्याचे दोन वर्ग मानले जातात. जर्मनीतील उंडरबर्ग किंवा इटलीतील काम्पारी यांसारखे अर्क हे स्वतंत्र पेय म्हणून, जेवणाच्या आधी वा नंतर, लहान पेल्यातून घेतात. दुसरा वर्ग सुगंधी बिटर्सचा. ते इतके तीव्र असतात की सहसा कोणी ते नुसते पीत नाही. कॉकटेल नावाच्या मिश्र पेयांत त्यांचे दोन-तीन थेंब घालावयाचे, एवढेच त्यांचे काम. अँगोस्टुरा हे या दुसऱ्या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध नाव होय.

परंतु या नावाची गंमत अशी, की ज्या गावावरून ते पडले त्या गावाला आज कोणी त्या नावाने ओळखत नाही. त्याच नावाची एक औषधी साल आहे. पण ती साल या बाटलीत नाही. आणि ज्या विकारांसाठी हा अर्क प्रथम तयार झाला, त्यांसाठी तो घेणारे आज क्वचितच आढळतील. औषध म्हणून जन्मलेली वस्तू केवळ चव म्हणून कशी टिकून राहिली, याचा तो इतिहास आहे.

कडू वनस्पती मद्यात भिजवून पोटासाठी घेण्याची चाल युरोपात फार जुनी. १७व्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रिचर्ड स्टॉटन नावाचा औषधविक्रेता असाच एक कडू अर्क विकू लागला, आणि १७१२ साली त्याला त्याबद्दल राजाज्ञेने सनद मिळाली. हा अर्क वाइनमध्ये किंवा ब्रँडीमध्ये थेंब टाकून घेण्यात येई. औषध कडू म्हणून ते मद्यातून घ्यावयाचे, की मद्य घेण्यास निमित्त हवे म्हणून त्यात औषध घालावयाचे, हा प्रश्न तेव्हापासूनच या अर्काच्या पाठीस लागला. पुढे १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हडसन या गावच्या एका वृत्तपत्राने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना ‘कॉकटेल’ या शब्दाचा अर्थ छापला. कोणतेही तीव्र मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, असे चार घटक त्यात सांगितलेले आहेत. म्हणजे मूळ व्याख्येप्रमाणे कडू अर्कावाचून कॉकटेल होतच नव्हते.

ज्या अर्काने पुढे या साऱ्या क्षेत्रावर आपला ठसा उमटवला, त्याचा जन्म मात्र मद्यगृहापासून फार दूर, एका लष्करी रुग्णालयात झाला. योहान गॉटलीब बेंजामिन सीगर्ट हा १७९६ साली जन्मलेला जर्मन वैद्य. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत त्याने प्रशियाच्या सैन्यात शस्त्रवैद्य म्हणून काम केले होते. १८२० साली तो दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलात गेला. त्या वेळी सिमोन बोलिव्हारच्या नेतृत्वाखाली स्पेनच्या सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. ओरिनोको नदीच्या काठचे अँगोस्टुरा हे गाव बोलिव्हारचे मोठे ठाणे होते. १८१९ साली तेथेच त्याने आपली प्रसिद्ध लोकप्रतिनिधी सभा भरवली होती. ‘अँगोस्टुरा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ अरुंद जागा. त्या ठिकाणी नदीचे प्रचंड पात्र आवळले जाते, म्हणून गावाला ते नाव पडले.

तेथील लष्करी रुग्णालयाचा प्रमुख म्हणून सीगर्टची नेमणूक झाली. उष्ण व दमट हवा, ताप, पोटाचे विकार आणि अन्नावरची वासना उडालेले सैनिक, हे त्याच्यापुढचे रोजचे दृश्य होते. शत्रूच्या गोळीइतकाच या विकारांनी सैन्याचा क्षय होत असे. सीगर्टने स्थानिक व परदेशी वनस्पतींवर चार वर्षे प्रयोग केले आणि १८२४ साली एक मिश्रण सिद्ध केले. त्याला त्याने ‘सुगंधी कडू अर्क’ अशा अर्थाचे साधे स्पॅनिश नाव दिले. नदीवरून ये-जा करणाऱ्या खलाशांनी तो बाहेर नेला, मागणी वाढली, आणि १८३०च्या सुमारास तो त्रिनिदाद व इंग्लंड येथे जाऊ लागला. पुढे १८४६ साली मुक्तिदात्याच्या स्मरणार्थ त्या गावाचे नाव बदलून सिउदाद बोलिव्हार असे करण्यात आले. गावाने आपले जुने नाव टाकले. अर्काने मात्र ते उचलून धरले.

आता त्याच नावाच्या सालीकडे वळले पाहिजे. ओरिनोकोच्या परिसरात वाढणाऱ्या एका झाडाची साल ‘अँगोस्टुरा साल’ म्हणून तापावर दिली जात असे. १८०० साली सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ आलेक्झांडर फोन हुम्बोल्ट आणि त्याचा सहकारी बोंप्लां हे या गावी पोहोचले तेव्हा दोघेही तापाने आजारी पडले. हुम्बोल्टने या सालीचा अर्क मधातून घेतल्याचे लिहून ठेवले आहे. सालीची कीर्ती युरोपात पसरली, मागणी वाढली, आणि जेथे मागणी वाढते तेथे भेसळ शिरते, त्याप्रमाणे येथेही झाले. १९व्या शतकाच्या आरंभी युरोपच्या बाजारात दिसण्यास तशीच, पण अत्यंत विषारी अशी दुसरी एक साल त्याच नावाने आली. ती पोटात गेल्याने रुग्णांना विषबाधा झाली आणि खऱ्या सालीवरचाही लोकांचा विश्वास उडाला.

ही खोटी साल कोणत्या झाडाची, याचा उलगडा लवकर झाला नाही. १८१९ साली पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून एक विषारी द्रव्य वेगळे काढले. ती साल अॅबिसीनियातील एका झुडपाची आहे असा तेव्हा समज होता. त्या झुडपाला जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाचे नाव दिलेले होते, म्हणून या विषाचे नाव ‘ब्रूसीन’ ठेवण्यात आले. पुढे असे सिद्ध झाले की ती साल अॅबिसीनियातील नव्हेच. भारतात सर्वत्र परिचित असलेल्या कुचल्याची, म्हणजे कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या झाडाची ती होती. ब्रूसचा या विषाशी कसलाही संबंध नसताना त्याचे नाव रसायनशास्त्रात कायमचे राहिले. याच दोघा शास्त्रज्ञांनी १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढले. दोन कडू साली, एक मारणारी व एक तारणारी. जिभेला मात्र दोहोंतील फरक कळण्याजोगा नव्हता. वनस्पतीचे नाव आणि ओळख यांत चूक झाली तर तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हा धडा त्या प्रकरणाने युरोपला दिला. सीगर्टच्या अर्काचे उत्पादक आपल्या अर्कात अँगोस्टुरा साल नाही असे स्पष्टपणे सांगतात. अर्काचे नाव गावावरून पडलेले आहे, सालीवरून नव्हे.

१८७० साली सीगर्ट मरण पावला. व्हेनेझुएलातील राजकीय अस्थिरतेला कंटाळून त्याच्या मुलांनी १८७५ साली आपला व्यवसाय जवळच्याच त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन येथे हलवला. तेव्हापासून हा अर्क तेथेच तयार होतो. ज्या बेटावर तो आला, त्याचे भारताशी निराळेच नाते जडलेले होते. १८४५ सालापासून करारबद्ध भारतीय मजूर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेले जात होते आणि ही प्रथा १९१७ सालापर्यंत चालू राहिली. आज त्या देशाच्या लोकसंख्येत एकतृतीयांशाहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत. त्या बेटावर रम आणि बिटर्स यांखेरीज हळद-जिऱ्याचाही वास दरवळतो, तो यामुळेच.

बाटलीवरच्या मोठ्या कागदाची एक आख्यायिका सांगतात. एका प्रदर्शनासाठी एका भावाने बाटली ठरवली, दुसऱ्याने कागद छापून घेतला, आणि दोघांनी एकमेकांना माप विचारलेच नाही! वेळ उरला नव्हता म्हणून कागद तसाच चिकटवला गेला, आणि हे व्यंगच पुढे ओळखीची खूण होऊन बसले. आख्यायिका खरी असो वा नसो, १८७३ सालच्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचे चित्र मात्र त्या कागदावर आजही आहे. घटकांचे प्रमाण मात्र त्यावर नाही. ते गुपित मोजक्याच व्यक्तींना ठाऊक असते. पाणी, मद्यार्क, साखर, जेन्शन नावाची कडू मुळी आणि नैसर्गिक स्वादद्रव्ये, एवढाच बोध बाहेरच्या माणसाला होतो. मद्यार्काचे प्रमाण शेकडा ४४.७ असते.

इंग्रजांच्या आरमारात हा अर्क समुद्र लागण्यावरचा उपाय म्हणून शिरला. अधिकारी तो जिन नावाच्या मद्यात घालून घेऊ लागले. त्याच्या तांबूस छटेमुळे त्या पेयाला ‘पिंक जिन’ म्हणजे गुलाबी जिन हे नाव मिळाले. मलायात हेच पेय ‘जिन पाहित’ म्हणून ओळखले जाई. ‘पाहित’ या मलायी शब्दाचा अर्थच कडू. समुद्र लागण्याची भीती बंदरात उतरल्यावर संपत असे, पेय मात्र जमिनीवरही चालू राहिले. औषधाची चव कशी झाली, याचे हे उत्तम उदाहरण होय.

अमेरिकेत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९व्या शतकात तेथे शेकडो प्रकारचे कडू अर्क सर्व रोगांवरचा रामबाण उपाय म्हणून विकले जात. पिट्सबर्गच्या हॉस्टेटर यांच्या ‘पोटाच्या बिटर्स’चा १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात उत्तरेकडील सैन्यात मोठा खप झाला. त्यात जवळजवळ निम्मा मद्यार्क होता. एरवी मद्याला शिवणार नाहीत अशी सोवळी माणसेही औषध म्हणून तो चमच्याने निःशंकपणे घेत. १९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधांविषयीचा कायदा झाला आणि बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण छापणे बंधनकारक ठरले. आत काय आहे हे लोकांना कळू लागल्यावर रामबाण म्हणवणारे बहुतेक अर्क काळाच्या पडद्याआड गेले. ज्यांची चव खरोखरच कामाची होती, असे थोडेच उरले.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात या संदिग्धतेचा पुन्हा एकदा प्रत्यय आला. बिटर्स हे औषधी द्रव्य मानले गेल्याने ते विकता येत होते. मिशिगन सरोवरातील वॉशिंग्टन बेटावर नेल्सन नावाच्या मद्यगृहचालकाने औषधविक्रीचा परवाना मिळवला आणि पोटाचे औषध म्हणून बिटर्सचे छोटे पेले भरून विकले. दारूबंदी केव्हाच गेली, पण तो पेला पिण्याची रीत त्या बेटावर अजून चालू आहे.

औषध कोणते आणि मद्य कोणते, हा प्रश्न अमेरिकेपुरताच नव्हता. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. त्याला बालसरा नावाच्या नागरिकाने आव्हान दिले आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय दिला. कायद्याचा बराचसा भाग न्यायालयाने वैध ठरवला. परंतु मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्या बाबतीत त्यातील काही निर्बंध अवैध ठरवले. आपल्याकडील आसवे व अरिष्टे यांतही आंबवण्याच्या क्रियेने मद्यार्क निर्माण होतोच. तेव्हा द्रव्य एकच, पण त्याकडे पाहण्याची दृष्टी हेतूप्रमाणे व मात्रेप्रमाणे बदलते, हे कायद्यालाही मान्य करावे लागले.

आता चवीचा विचार करू. बहुतेक बिटर्सचा कणा असतो तो जेन्शनच्या मुळीचा. पिवळ्या फुलांची ही वनस्पती मध्य व दक्षिण युरोपच्या डोंगरांत वाढते. तिच्यात ‘अॅमारोजेन्टिन’ नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. पण ते इतके कडू, की एका भागात पाच कोटी ऐंशी लक्ष भाग पाणी मिसळले तरी जिभेला त्याचा कडवटपणा जाणवतो, असे त्याचे वर्णन केले जाते. हेच द्रव्य आपल्या हिमालयातील काडेचिराईतातही सापडते, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुलातील आहेत. तापात घरोघर ज्याचा काढा दिला जाई, ते काडेचिराईत १८३९ साली एडिंबरोच्या औषधकोशातही समाविष्ट झाले होते. म्हणजे आल्प्सचा कडूपणा आणि हिमालयाचा कडूपणा हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ खचित आहेत.

कडू चवीविषयी आपल्या वैद्यकाने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे: संस्कृत वैद्यकात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, मराठीत ‘कडू’ हा शब्द ‘कटु’वरून आला, पण अर्थ मात्र तिक्ताचा घेऊन बसला. या तिक्त रसाबद्दल चरकसंहितेत असे म्हटले आहे, की तो स्वतः रुचकर नसला तरी अरुची घालवतो. सीगर्टला आपल्या सैनिकांत नेमके हेच साधावयाचे होते. आधुनिक विज्ञानाप्रमाणे माणसाच्या जिभेवर कडू द्रव्ये ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक असतात. विषारी वनस्पतींपासून प्राण्याला सावध करणे हे त्यांचे मूळ काम असावे. कडू लागताच तोंडाला पाणी सुटते आणि पचनाची यंत्रणा जागी होते. तथापि यावरून कडू अर्क ताप बरा करतो असे मात्र सिद्ध होत नाही. जेन्शनच्या मुळीला युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने भूक मंदावणे व किरकोळ अपचन यांसाठी जी मान्यता दिली आहे, तीही दीर्घ परंपरेच्या आधारावर. प्रयोगांच्या पुराव्यावर नव्हे.

मग दोन थेंबांनी पेयात फरक पडतो तो कसा? साखर व मद्य एकत्र केले की चव गोड, पण सपाट होते; लिंबू घातले तर आंबट व गोड यांची ओढाताण जाणवते. कडूपणाचा किंचित स्पर्श झाला की गोडीचा चिकटपणा कमी होतो आणि मद्याचा दाहही निराळा भासतो. जोडीला मसाल्यांची सुगंधी तेले मद्यार्काबरोबर उडून नाकापर्यंत पोहोचतात, आणि ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वस्तुतः वासाचाच असतो. अँगोस्टुराचा वास घेतला असता लवंग, दालचिनी, वेलदोडा अशा ओळखीच्या पदार्थांची आठवण होते. अखेरीस जिभेवर मुळीचा कोरडा कडवटपणा रेंगाळतो. आमटीच्या फोडणीत हिंग घालतात, ते हिंगाची चव कळावी म्हणून नव्हे. तो पडला आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही, पण पडला नाही तर मात्र लगेच कळते. बिटर्सचे कार्य काहीसे असेच आहे. म्हणूनच व्हिस्की, साखर व बिटर्स यांचे ‘ओल्ड फॅशन्ड’ हे जुने पेय आजही जसेच्या तसे टिकून आहे.

सर्व बिटर्सची प्रकृती एक नसते. न्यू ऑर्लीन्स शहरातील पेशो नावाच्या औषधविक्रेत्याने १९व्या शतकात तयार केलेला अर्क लालभडक, हलका आणि बडीशेपेच्या जातीच्या वासाचा असतो. कडू संत्र्याच्या सालीचे बिटर्स जिनशी विशेष जुळते. जेरी टॉमस याने १८६२ साली अमेरिकेतील पहिले कॉकटेलविषयक पुस्तक लिहिले, त्यात असे अनेक अर्क वापरलेले दिसतात. २०व्या शतकाच्या मध्यास मात्र त्यांतील मोजकेच शिल्लक राहिले होते. २१व्या शतकाच्या आरंभी जुन्या कृतींविषयी पुन्हा कुतूहल जागे झाले आणि लहान-मोठ्या उत्पादकांनी शेकडो नवे अर्क बाजारात आणले. अँगोस्टुराच्या उत्पादकांनीही २००७ साली संत्र्याचे आणि २०२० साली कोकोचे बिटर्स काढले. २००९ साली त्यांच्या मूळ अर्काचा पुरवठा काही काळ अपुरा पडला, तेव्हा जगभरच्या मद्यगृहांत जी चिंता पसरली, तीवरून या लहानशा बाटलीचे महत्त्व ध्यानात यावे.

मद्य न घेणाऱ्यांच्या वाट्यालाही हा अर्क येतो. ऑस्ट्रेलियात लिंबाच्या सरबतात बिटर्सचे थेंब घालून केलेले पेय लोकप्रिय आहे. त्रिनिदादमध्ये तो स्वयंपाकातही वापरतात. अशा पेयात मद्यार्काचा अंश अत्यल्प असतो, पण तो अगदीच नसतो असे नाही. व्रत, धर्म वा प्रकृती यांमुळे ज्यांना मद्यार्क पूर्णपणे वर्ज्य आहे, त्यांनी हे जाणून असावे. त्यांच्यासाठी मद्यार्काऐवजी ग्लिसरीन वापरून केलेले अर्कही मिळतात.

तापाने क्षीण झालेल्या सैनिकाच्या तोंडाला चव यावी म्हणून नदीकाठच्या एका रुग्णालयात हा अर्क प्रथम तयार झाला. पुढे तापावर अधिक खात्रीची औषधे निघाली. रामबाणपणाचे दावे कायद्यापुढे टिकले नाहीत. गावाचे नाव गेले आणि कारखानाही दुसऱ्या देशात गेला. सीगर्टने साधलेला एक गुण मात्र या सर्व स्थित्यंतरांत कायम राहिला, आणि तो म्हणजे अरुची घालवण्याचा. औषधाचा अधिकार गमावूनही दोनशे वर्षे हा अर्क टिकला, तो या एका गुणाच्या बळावर, आणि तोही थेंबांच्या मापाने.